सरकारी इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटला पहिल्यांदा जाताय? आधी शिपायाला भेटा

दरवर्षी आमच्याकडे दोन-तीन फ्रेश पोरं-पोरी जॉईन होतात, आणि पंधरा दिवसांत त्यांना कुठल्यातरी झेडपीच्या शाळेच्या नाहीतर नगरपालिकेच्या मार्केटच्या स्ट्रक्चरल ऑडिटला, म्हणजे इमारत कितपत धड आहे ते तपासायला धाडलं जातं. तिथून फोन येतात आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात, सर हॅमर किती ठिकाणी मारू, सर इथे एक तडा आहे तो स्ट्रक्चरल आहे का, सर एक खोली बंद आहे काय करू. म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढतोय. डिप्लोमा-डिग्रीला हे कोणी शिकवत नाही, तिथे नवीन बीम डिझाईन करायला शिकवतात, चाळीस वर्षं पावसात भिजलेला बीम कसा बघायचा ते साइटवरच शिकावं लागतं.

जायच्या आधी

आधी ते पत्र वाचा. खरंच वाचा, कारण निम्मी पोरं वाचतच नाहीत. सरकारी पत्रात साधारण "इमारत वापरण्यायोग्य आहे किंवा कसे याबाबत अहवाल सादर करावा" अशी ओळ असते, पण तिच्यामागे वेगवेगळी कारणं असतात. कधी जुन्या वर्गखोल्यांचं निर्लेखन करून (म्हणजे कागदोपत्री बाद ठरवून) नवीन मंजूर करून घ्यायच्या असतात, कधी आहे त्याच इमारतीवर एक मजला चढवायचा असतो, कधी छताचा तुकडा पडलेला असतो आणि पेपरात फोटो आलेला असतो. मजला चढवायचा असेल तर पायाजवळ खड्डा घेऊन फूटिंग (कॉलमखालचा पायाचा भाग) उघडं करून बघावं लागतं, नुसत्या स्लॅबच्या फोटोंनी काही होत नाही. तर नेमका प्रश्न काय आहे ते शाखा अभियंत्याला फोन करून आधीच विचारा. आणि इमारत पाडायचीच आहे असं मनात ठरवून तुम्हाला बोलावलंय का, याचाही अंदाज घ्या. उत्तर त्यांच्या मनासारखं द्यायचंय म्हणून नाही, तर साइटवर कोण काय दाखवेल आणि काय लपवेल ते आधी कळावं म्हणून.

ड्रॉइंग मागा. मिळणार नाही. "शोधून ठेवतो" म्हणतील आणि तुम्ही रिपोर्ट देऊन मोकळे व्हाल तरी सापडलेलं नसेल. तरी लेखी मागा, म्हणजे रिपोर्टमध्ये "मागणी करूनही उपलब्ध झाले नाही" असं लिहिता येतं. इमारतीचं वय कळायला सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे व्हरांड्यातली कोनशिला, मा. अमुक यांच्या शुभहस्ते वगैरे, खाली तारीख असतेच. पण ती मूळ इमारतीची असते. मागे काढलेला संडास ब्लॉक, बाजूला जोडलेल्या दोन खोल्या, वरचा हॉल यांची वयं वेगळी, आणि तडे हमखास या जुन्या-नव्याच्या जोडावर असतात, कारण दोन्हीचा पाया वेगळा आणि खचण्याचा वेगही वेगळा. मुंबईत महापालिकेच्या कायद्यात ३५३ ब कलम आहे, ३० वर्षांवरच्या इमारतींना ऑडिट लागतं, तेव्हा वयाचा आकडा नुसता माहितीसाठी नसतो.

बॅगेत काय न्यायचं: मोठा टॉर्च (मोबाईलचा नाही), टेप आणि लेझर मीटर, छोटी हातोडी, ओळंबा, क्रॅक गेज (तड्याची रुंदी मोजायची पट्टी), दुर्बीण, खडू, मार्कर, जाड वही, हेल्मेट, चांगले बूट. दुर्बिणीला सगळे हसतात, पण पोर्चच्या वरचा छज्जा आणि पाण्याच्या टाकीचा तळ बघायला तिच्याशिवाय पर्याय नाही, ड्रोन प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. रिबाउंड हॅमर, यूपीव्ही मशीन वगैरे काँक्रीट तपासायची यंत्रं पहिल्या दिवशी गाडीतच राहू द्या.

वेळ तुमच्या हातात असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरला जा. ओल ताजी असते, डाग स्पष्ट असतात. एप्रिलमध्ये रंग मारून झाल्यावर गेलात तर सगळी इमारत नवरीसारखी दिसते.

शिपाई, सफाईवाल्या मावशी आणि बादली

साहेबांबरोबर चहा होईल, तो घ्या, पण खरी माहिती त्यांच्याकडे नसते. साहेब तीन वर्षांत बदलून जातात. शिपाई वीस वर्षं तिथेच असतो.

एका शाळेत मी गेलो होतो, मुख्याध्यापक म्हणाले गळती अजिबात नाही, गेल्याच वर्षी वॉटरप्रूफिंग झालंय. बरं म्हटलं. मग झाडणाऱ्या मावशींना सहज विचारलं, मावशी, पावसात बादल्या कुठे कुठे ठेवता? त्या म्हणाल्या, सातवी ब मध्ये दोन, ऑफिसच्या कपाटामागे एक, आणि जिन्यात पोतं टाकतो. मी वहीत चार टिंबं मारली. नंतर त्या चारही ठिकाणी स्लॅबला हातोडीनं ठोकलं तर तीन ठिकाणी बद्द आवाज आला, म्हणजे कव्हर (सळईवरचं काँक्रीट) सळईपासून सुटून नुसतं रंगाच्या जीवावर लटकलेलं. कपाटामागचं तर हातानेच निघालं, आणि आतली सळई १२ मिमीची असावी ती जेमतेम ८ ची उरलेली. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न कुठेही गेलो तरी "बादली कुठे ठेवता" हाच असतो. "गळतं का" असं विचारलं की लोक नाही म्हणतात, बादली विचारली की जागा सांगतात.

आणखी विचारायचं ते: कुठलं दार अलीकडे घासायला लागलंय, कुठली फरशी वर आलीय, दुरुस्ती कधी झाली आणि कोणी केली, खाली कधी भिंत काढली का, बोअरवेल जवळ कधी मारली.

बाहेरून एक प्रदक्षिणा

आत घुसायच्या आधी पूर्ण इमारतीला एक चक्कर, शक्यतो दोन. पहिली लांबून, दुसरी भिंतीला खेटून. लांबून बघताना इमारत सरळ आहे का, छज्ज्याची रेघ कुठे झोपलीय का ते दिसतं. जवळून बघताना प्लिंथ (जोतं), पावसाच्या पाण्याचे पाइप, ड्रेनेजचे चेंबर. तुटलेल्या पाइपमागची भिंत बघा, वर्षानुवर्षं त्याच कॉलमवर पाणी पडत असतं. पिंपळ किंवा वड पॅरापेटमधून (गच्चीच्या कठड्यातून) उगवलेला असेल तर नुसतं "झाड आहे" लिहू नका, खोड किती जाड आहे आणि मूळ कुठे गेलंय ते लिहा. वरून कापून काही होत नाही, पुढच्या पावसात दुप्पट येतो.

छज्जे आणि बाल्कन्या यांच्याकडे विशेष लक्ष द्या, आणि खालून नाही, वरून बघा. हे कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच बाजूने धरलेले आणि पुढे अधांतरी, आणि कॅन्टिलिव्हरची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. बांधताना कामगार त्या जाळीवरून चालतात, सळई खाली दबते, आणि छज्जा नावापुरताच कॅन्टिलिव्हर राहतो. तडा वरच्या बाजूला, भिंतीला लागून, लांबच्या लांब येतो आणि खालून काहीच दिसत नाही. त्यात वर पालापाचोळा अडकून पाणी साचलेलं. शाळेत मुलं उन्हापावसात बरोबर छज्ज्याखालीच उभी राहतात, हे डोक्यात ठेवा.

मग गच्ची. इथे एक हिशोब पाठच करून ठेवा. जाता-येता येणाऱ्या गच्चीला आयएस ८७५ भाग २ या भारतीय मानकाप्रमाणे लाइव्ह लोड (माणसं-सामानाचा भार) धरलेला असतो चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास. आणि ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्याचा १०० मिमीचा एक थर होतो चौरस मीटरला जवळपास २०० किलो. गळलं की जुना न काढता वर नवीन कोबा, पुन्हा गळलं की अजून एक, असं तीनदा झालेलं मी बघितलंय, तिथे पॅरापेट गुडघ्याएवढं उरलं होतं. म्हणजे पाणी थांबवायच्या नादात गच्चीच्या डोक्यावर दोन गच्च्यांचं वजन. रेन वॉटर पाइपच्या तोंडाशी थर मोजता येतात, तिथे टेप लावा. टाक्या मोजा, हजार लिटर म्हणजे एक टन, आणि त्या बीम-कॉलमवर आहेत की स्लॅबच्या मधोमध ते लिहा. सोलर पॅनल, मोबाईल टॉवर, होर्डिंगचा सांगाडा, सगळं.

आत: तडे वाचायचे कसे

खोलीत शिरलात की एक शिस्त ठेवा, दारापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, आधी छत, मग बीम, मग कॉलम, मग भिंती, मग फरशी. कॉलमना ए-१, बी-२ असे नंबर आधीच कच्च्या प्लॅनवर देऊन ठेवा, आणि प्रत्येक फोटोत खडूने लिहिलेला नंबर दिसला पाहिजे, नाहीतर ऑफिसला आल्यावर दोनशे फोटो सगळे एकसारखे दिसतात आणि हा बीम कुठला यावर तुम्ही आणि तुमचा पार्टनर भांडत बसता.

आता तो फोनवरचा प्रश्न, तडा स्ट्रक्चरल आहे का. फोनवर मला सांगता येत नाही, पण तुम्हाला जागेवर बरंच कळू शकतं.

विटांची भिंत आणि बीम किंवा कॉलम यांच्या जोडावर सरळ रेघ असेल तर बहुतेक दोन वेगळ्या मटेरियलची फारकत आहे, जाळी न लावता प्लास्टर केलेलं. जाळ्यासारखे बारीक तडे प्लास्टरचे असतात. पण "बहुतेक" म्हटलंय, खात्री करायची तर तिथलं प्लास्टर वीतभर उडवून तडा आत काँक्रीटमध्ये जातोय का बघायचं, आणि परवानगी घेऊन बघायचं.

बीमच्या मधल्या भागात खालून वर जाणारे केसासारखे उभे तडे वाकण्यामुळे येतात, थोडे असणारच, काँक्रीट ताणात तडकतंच. आयएस ४५६ मध्ये साधारण परिस्थितीला ०.३ मिमी रुंदीपर्यंत चालतं. गेज लावा, आकडा लिहा, "मोठा तडा" असं लिहू नका. पण सपोर्टजवळ, कॉलमपाशी, तिरका तडा दिसला, साधारण ४५ अंशात, तर बाकी सगळं सोडून सिनियरला फोन. तो शिअरचा, म्हणजे बीम कापला जाण्याचा असू शकतो आणि शिअरचं फेल्युअर सांगून येत नाही.

सळईच्या रेषेत, बीमच्या खालच्या कडेने किंवा कॉलमच्या कोपऱ्यातून लांबच्या लांब जाणारा तडा आणि सोबत तपकिरी डाग, हा गंज. महाराष्ट्रातल्या सरकारी इमारतींत निम्म्याहून जास्त वेळा तुम्हाला हाच भेटणार, माझ्या अनुभवाने तरी. लोखंड गंजलं की त्याची जागा दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढते, ते आतून कव्हरला ढकलतं आणि पोपडा पडतो. कोकणात खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं, आणि जुन्या कामात खाडीची वाळू वापरलेली असेल तर काही बघायलाच नको.

भिंतीत पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारा तिरका तडा, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला निमुळता, तो पाया खचल्याचा, त्यात काळ्या मातीचा गाव असेल तर उन्हाळ्यात उघडतो आणि पावसाळ्यात मिटतो. लोड बेअरिंग (भिंतींवरच भार असलेल्या) इमारतीत वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खाली आडवा तडा दिसला तर घाबरू नका, उन्हाने स्लॅब सरकतो त्याचा असतो बऱ्याचदा.

तडा जुना की नवा? आत बघा. कडा गुळगुळीत, आत धूळ, कोळिष्टक, मागच्या रंगकामाचा रंग शिरलेला, तर तो जुना. कडा धारदार आणि आतला भाग स्वच्छ, तर ताजा. चालू आहे की थांबलाय हे कळायला तड्यावर आडवी काचेची पट्टी ठेवून तिची टोकं दोन्ही बाजूंना चिकटवायची आणि वर तारीख टाकायची, दोन-तीन महिन्यांनी फुटलेली असेल तर हालचाल चालू आहे. स्वस्तातलं आहे पण यासारखं काही नाही. एका ठिकाणी मी लावलेल्या पट्ट्या रंगाऱ्याने "कचरा" म्हणून काढून टाकल्या, तेव्हा पट्टीशेजारी "काढू नये" असं मराठीत ठळक लिहा.

जुन्या दगड-मातीच्या इमारती वेगळ्या. तिथे काँक्रीटचं डोकं बाजूला ठेवा. भिंतीला पोट सुटलंय का ते ओळंब्याने बघा. दोन-अडीच फुटी भिंत दिसायला दणकट, पण आत-बाहेर दोन वेगळे थर आणि मधे माती-दगडांची भर, आरपार जाणारे दगडच नाहीत, असं असतं. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे अशीच जाड भिंतींची आणि वर मातीचं माळवद असलेली घरं लोकांच्या अंगावर आली. कौलारू असेल तर वाशांची टोकं भिंतीत शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, वाळवी बाहेरून दिसत नाही, वर रंग शाबूत आणि आत भुसा.

वापर बदललाय का

हा भाग नवीन पोरं हमखास विसरतात. इमारत कशासाठी बांधली आणि आज तिथे काय चाललंय. वर्गखोलीला चौरस मीटरला साधारण ३०० किलो धरलेले असतात, फाइलींच्या रेकॉर्ड रूमला ५००. आता तालुक्याच्या ठिकाणी जुन्या वर्गात रेकॉर्ड रूम केलेली तुम्ही बघितली नसेल तर बघाल. एका कचेरीत मी असा हॉल बघितला, भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी रॅक, छतापर्यंत लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, आणि खालच्या मजल्यावरून बघितलं तर बीम डोळ्यांना दिसेल इतका खाली आलेला, दोरी लावली तर मधोमध बोटभर गॅप. तिथले क्लार्क म्हणाले, पंखा हलतो म्हणून आम्ही तो काढून टाकलाय.

तळमजल्यावर तर जास्तच जपून. माझगावला बाबू गेनू मार्केटची महापालिकेची इमारत २७ सप्टेंबर २०१३ ला सकाळी कोसळली, ६१ माणसं गेली, राहणारे बहुतेक महापालिकेचेच कर्मचारी आणि त्यांच्या घरचे. इमारत काही ब्रिटिशांच्या काळातली नव्हती, तीसेक वर्षांचीच. तळमजल्यावरच्या गोदामात केलेल्या बदलांवर तेव्हा बोट ठेवलं गेलं होतं. म्हणून मार्केट, दुकानं, गोदाम असलेल्या इमारतीत तळमजल्याचा प्रत्येक गाळा उघडून बघायचा. पोटमाळा कुणी टाकलाय, कॉलमला टाइल्स लावून झाकलंय का, शटरसाठी कॉलम तासलाय का. फॉल्स सीलिंग असेल तर दोन-चार पत्रे काढायला लावा. दुकानदार कुरकुर करणार, करू दे.

टेस्ट: आता गाडीतून मशीन काढा

डोळ्यांनी बघून झाल्यावर कुठे टेस्ट घ्यायची ते ठरतं. "वीस कॉलमपैकी कुठलेही सहा" असं नाही, चांगल्या जागा, वाईट जागा आणि मधल्या जागा तिन्ही घ्या, नाहीतर रिपोर्ट एकतर्फी होतो.

रिबाउंड हॅमर, म्हणजे ठोक्याच्या उसळीवरून काँक्रीटची ताकद अंदाजणारं यंत्र, सगळ्यांचा लाडका आणि सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जाणारा. माझी पहिली साइट, मी मोठ्या उत्साहाने चौदा कॉलमवर रीडिंग घेऊन आलो, सिनियरने आकडे बघितले आणि एवढंच विचारलं, प्लास्टर काढलं होतंस का? नव्हतं. दिवसभर मी प्लास्टरची ताकद मोजत होतो. तर प्लास्टर काढा, काँक्रीट उघडं करा, कार्बोरंडमच्या दगडाने घासा, पृष्ठभाग कोरडा हवा, कडेपासून लांब, एका जागी निदान सहा ठोके, वेडेवाकडे आकडे काढून सरासरी. हॅमर आडवा धरला की खालून वर धरला त्याप्रमाणे रीडिंग बदलतं, ते वहीत लिहा. निघायच्या आधी हॅमर ॲन्व्हिलवर (तपासणीच्या पोलादी ठोकळ्यावर) तपासून घ्या. आणि हे सगळं बरोबर केलं तरी अंदाज अधिक-उणे २५ टक्क्यांचा असतो हे जुन्या आयएस १३३११ भाग २ मध्येच लिहिलेलं होतं. जुनं काँक्रीट वरून कार्बोनेशनने (हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून) कडक झालेलं असतं, हॅमर खोटं चांगलं रीडिंग देतो. पन्नास वर्षांच्या इमारतीत एम ३५ ग्रेडची ताकद आली तर खुश होऊ नका, तेव्हा साइटवर एम १५ ओतलं जायचं.

यूपीव्ही म्हणजे आवाजाची लहर काँक्रीटमधून किती वेगाने जाते. पोकळी, भेगा असतील तर ती वळसा घालून जाते आणि वेळ जास्त लागतो. समोरासमोर प्रोब लावता आले तर उत्तम, एकाच बाजूने घेतलं तर वेग कमी येतो, म्हणून पद्धत लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. ग्रीस नीट लावा. जुन्या तक्त्यात सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर उत्कृष्ट, साडेतीन ते साडेचार चांगलं, तीनच्या खाली शंकास्पद असं होतं. आता ते कोड आयएस ५१६ भाग ५ मध्ये गेलेत आणि तक्ताही बदललाय, तेव्हा कुणाच्या तरी जुन्या रिपोर्टमधून कॉपी-पेस्ट करू नका, सध्याचा कोड अमेंडमेंटसकट उघडून बघा.

कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढलेला नमुना, सगळ्यात भरवशाचा पण इमारतीला भोक पाडणारा. आधी कव्हर मीटर फिरवून सळया कुठे आहेत ते खडूने आखा, मग मशीन लावा. सळई कापलीत तर तपासायला जाऊन बिघडवून आलात. आधीच अशक्त दिसणाऱ्या बारीक कॉलममधून काढू नका. निदान तीन कोअर हवेत, आयएस ४५६ प्रमाणे सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको. आणि भोक त्याच दिवशी न आकसणाऱ्या ग्राउटने भरून मगच निघायचं. तसंच सोडून दिलेलं भोक दिसलं की मला भयंकर राग येतो.

कार्बोनेशनची टेस्ट मला स्वतःला सगळ्यात आवडते, कारण ती क्लार्कलाही समजते. काँक्रीटचा ताजा टवका काढायचा, धूळ फुंकून टाकायची, फिनॉल्फ्थॅलिन मारायचं. गुलाबी झालं तिथे काँक्रीट अजून अल्कली आहे, सळई सुरक्षित. रंगच आला नाही तिथपर्यंत हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरलाय. आता कव्हर २५ मिमी आणि रंगहीन भाग ३० मिमी, म्हणजे सळई उघड्यावर आलीय, बाहेरून काही दिसत नसलं तरी. हाफ सेल (सळई गंजतेय का ते व्होल्टेजवरून बघायची टेस्ट) करणार असाल तर कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलीव्होल्टच्या पलीकडे गेलं की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. किनाऱ्यावर क्लोराइडही (मिठाचा अंश) तपासा.

तिथल्या तिथे काही भयंकर दिसलं तर

लॅबच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. सिनियरला फोन, मग जागेवरच्या अधिकाऱ्याला तोंडी सांगा, त्याच दिवशी ईमेल. ती खोली रिकामी करून कुलूप. टेकू द्यायचे तर एक गोष्ट ध्यानात ठेवा, दुसऱ्या मजल्याच्या बीमला टेकू दिला तर त्याच्या बरोबर खाली पहिल्या मजल्यावर आणि तळमजल्यावरही टेकू हवा, जमिनीपर्यंत. नाहीतर वरचा भार तुम्ही खालच्या स्लॅबच्या पोटात खुपसताय. हे इतक्या ठिकाणी चुकीचं केलेलं दिसतं की काय सांगू.

रिपोर्ट

मुंबईत सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ असे गट आहेत. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा पाडून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती, सी-३ किरकोळ. बाकी ठिकाणीही लोक हीच भाषा वापरायला लागलेत. गट लिहिणं सोपं आहे, तो का, हे लिहिणं अवघड. सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी ऐन गर्दीत पडला, ७ जण गेले. त्याआधीच्या ऑडिटमध्ये तो वापरायला योग्य, किरकोळ दुरुस्ती हवी, अशा गटात होता. पुढे ऑडिटरला अटक झाली. तुम्ही ज्या कागदावर सही करताय तो कागद असा असतो.

म्हणून माझा एकच हट्ट असतो, जे बघितलं ते लिहा आणि जे बघता आलं नाही ते त्याहून मोठ्या अक्षरात लिहा. हे मी ठेच लागून शिकलो. एका इमारतीत जिन्याखालची एक खोली बंद होती, चावी सुट्टीवर गेलेल्या माणसाकडे, मी रिपोर्टमध्ये सरळ "सर्व खोल्यांची पाहणी केली" असं ठोकून दिलं. दोन महिन्यांनी त्याच खोलीतल्या कॉलमचा खालचा दीड फूट भाग फुटून सळया बाहेर आल्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर आला. आतून पंपाची लाइन गळत होती. नशिबाने वेळेत कळलं, कोणाला काही झालं नाही, पण ती ओळ माझीच होती. आता माझ्या रिपोर्टमध्ये एक पानच असतं, "पाहणी न झालेले भाग", खोली नंबर, कारण, चावी कोणाकडे, पुन्हा कधी जाणार. क्लायंटला ते पान आवडत नाही. काढा म्हणतात. काढू नका.

दुरुस्ती सुचवताना आधी पाणी थांबवायचं, मग गंज काढायचा, मग सळई, मग पॉलिमर मॉर्टर किंवा जॅकेटिंग (बाहेरून नवीन काँक्रीटचं वेष्टण), हा क्रम उलटा होऊ देऊ नका. गळती तशीच ठेवून खालून मॉर्टर लावलं की दोन पावसाळ्यांत तेच पोपडे पुन्हा पडतात आणि ठेकेदार दुसऱ्यांदा बिल काढतो. "योग्य ती दुरुस्ती करावी" असं लिहू नका, कुठल्या बीमला, किती मीटर, काय करायचं ते लिहा, तरच शाखा अभियंता एस्टिमेट करू शकतो.

थोडं दडपण येईलच. "जरा सौम्य लिहा" किंवा उलट "जरा कडक लिहा म्हणजे नवीन मंजूर होईल" असे दोन्हीकडून फोन येतात. तुम्ही नवीन आहात, सही तुमची नाही, सिनियरकडे ढकला, त्याचा पगार त्याचसाठी आहे. तुमची साइटवरची वही मात्र कोणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.

आणि रिपोर्ट घेऊन स्वतः जा. साहेबांच्या टेबलावर ठेवून येऊ नका, आवक-जावक टेबलला द्या, तुमच्या कॉपीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. जेवणाची सुट्टी चालू असेल तर बाहेर बाकावर बसा. बसल्या बसल्या वर छताकडे बघायची सवय तोवर लागलेली असेलच.